बसून दिलेले सल्ले

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, केस कापायच्या दुकानातली. तुमच्या निबंधांत बोलणाऱ्या वस्तू बहुतेक गरीब स्वभावाच्या असतात, हे मला ठाऊक आहे. फाटकी छत्री मुळूमुळू रडते, बंद पडलेले घड्याळ उसासे टाकते आणि शेवटी दोघेही सगळ्यांना माफ करून टाकतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेली आहे. माझे स्वतःचे हाल झाले, पण त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. माझा राग सल्ल्यांवर आहे.

माझा जन्म एका कोंदट शेडमध्ये झाला. खाली लोखंडाची गोल, जड बैठक. तिच्यातून वर येणारा मनगटाएवढा जाड खांब. खांबाच्या पोटात तेलाचा पंप. बाजूचा दांडा पायाने दाबला की मी वर जात असे. वर जाड फोम आणि त्यावर काळपट लाल रेक्झिन. मला बनवताना कारागिरांनी बराच काथ्याकूट केला होता. बसणाऱ्याची मान कुठे टेकेल, कोपर कुठे येईल, पाय कुठे ठेवता येतील, यावर त्यांची हुज्जत चालत असे. माझ्यामागे जो माणूस दिवसभर उभा राहणार होता, त्याच्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. तेव्हा मलाही त्याचे काही वाटले नाही. नव्या वस्तूला स्वतःच्या चकाकीपुढे दुसरे काही दिसत नाही.

पहिली काही वर्षे मी पुरुषांच्या एका दुकानात काढली. तिथला मालक परगावी मुलाकडे राहायला निघाला तेव्हा त्याने सगळे सामान विकायला काढले आणि दोन जावांनी मला विकत घेतले. त्यांनी चावीवाल्याच्या शेजारचा एक गाळा भाड्याने घेतला होता. आत एक आरसा, एक नळ, भिंतीशी बाकडे आणि मधोमध मी.

या दोन जावा म्हणजे माझ्या गोष्टीतली खरी माणसे. थोरली बोलण्यात वाघीण. रस्त्याने जाणाऱ्या बाईलाही ती दारातून अशी हाक मारी, की आपले केस वाढले आहेत हे त्या बाईला तिथेच कळे. सामान आणणे, फोन घेणे, घरमालकाशी भांडणे, सगळे तिच्याकडे. धाकटी कमी बोलायची, पण कात्री धाकटीची. ती ओली बट बोटांत धरून आधी नुसती बघत राहायची आणि मगच कापायची. उठताना बायका आरशात अशा काही बघत, जणू बऱ्याच काळाने ओळखीचे कुणी भेटले आहे. थोरली ते बघून मुद्दाम मोठ्याने सांगायची, की माझ्या जावेच्या हातासारखा हात अख्ख्या रस्त्यावर नाही. ते खरेच होते.

धाकटीचे दुखणे खांद्यात सुरू झाले. ड्रायर वर धरला की तिचा हात थरथरायचा. मग मान धरली, कंबर धरली, मांड्या धरल्या, बोटे आखडली. रात्रभर पोती वाहिल्यासारखी ती सकाळी दमलेली यायची. बाईने पुढचे केस लांब ठेवायला सांगितले होते की कमी करायला, हेसुद्धा ती मध्येच विसरायची. रक्त तपासले, एक्स-रे काढले, सगळे नॉर्मल आले. घरच्यांना हायसे वाटले. धाकटीला वाटले नाही. रिपोर्टमध्ये काही नाही याचा अर्थ घराने असा घेतला, की धाकटीलाच काही नाही.

बऱ्याच खेपा घातल्यावर एका मोठ्या डॉक्टरांनी तिचे दुखणे ओळखले. स्नायू फाटलेले नाहीत, पण शरीराची धोक्याची घंटा बिघडली आहे आणि ती विनाकारण वाजत राहते, असे त्यांनी समजावले. रात्री घ्यायची एक गोळी दिली. हे लांबणारे दुखणे आहे, त्याच्यासोबत राहायला शिकावे लागेल, असेही ते म्हणाले. कसे शिकायचे, ते सांगायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. बाहेर रांग होती.

ते शिकवणारे लोक मग माझ्यावर येऊन बसू लागले.

एकीने सांगितले, बटाटा सोड. दुसरीने सांगितले, गहू सोड. तिसरीने सांगितले, हे कामच सोड. त्या वेळी धाकटी तिच्याच केसांना रंग लावत होती. जमिनीवर झोप. जमिनीवर अजिबात झोपू नकोस. तांब्याचे कडे घाल. मोकळेपणी रड. रडतेस म्हणूनच दुखते. आणि प्रत्येकीची एक आत्या होती. आत्याला अगदी हेच झाले होते, आत्याने अमुक केले आणि आत्या आता डोंगर चढते. मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पुष्कळ आत्या ऐकल्या. बरी न झालेली आत्या मात्र कुणालाच नव्हती. अशा आत्या असतात, पण त्यांच्याबद्दल कुणी सांगत नाही.

ते सगळे सल्ले बसून दिलेले होते. माझ्या फोमवर टेकून, पाय पुढे सोडून. ऐकणारी मात्र उभी होती, सकाळपासून उभी होती. तिला कुणी एकदाही म्हटले नाही, की तू बस जरा, मी थांबते.

थोरलीने पुस्तक आणले ते मायेपोटी, हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मी तिला बरेच बोलणार आहे. पुस्तकाचे नाव सांगत नाही, उगाच त्याची जाहिरात व्हायची. मुखपृष्ठावर कमरेवर हात ठेवून उभा असलेला एक हसरा गृहस्थ आणि त्याच्यामागे डोंगर. लोक त्याला मार्गदर्शक म्हणत. त्याची पाठ एकदा धरली होती, ती सुटली, आणि त्या सुटलेल्या पाठीवर त्याने पुस्तक लिहिले. महिनाभराचा कार्यक्रम होता. सकाळी अंग ताणायचे, रोज चालायचे आणि कालच्यापेक्षा आज जास्त चालायचे. झोपायची वेळ ठरलेली. इथवर ठीक होते. पण एकही दिवस थांबायचे नाही, असा त्यात दंडक होता. औषध म्हणजे कुबडी, ती फेकून द्या, असे लिहिले होते. आणि सगळ्यात वाईट नियम असा, की 'दुखतंय' हा शब्द उच्चारायचा नाही. उच्चारला, की आजवर केलेले सगळे रद्द. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

पहिला आठवडा छान गेला. हेही मी लपवणार नाही. चालण्याने धाकटीला बरे वाटले. थोरली तिच्याबरोबर चालायला जात होती, तिला वेळेवर झोपायला लावत होती. कुणीतरी आपल्याकडे बघते आहे, याने माणसाला बरेच वाटते. थोरलीने ते पुस्तक आरशासमोर, कंगव्यांच्या शेजारी मांडले आणि येणाऱ्या प्रत्येकीला त्याचे गुण सांगितले. पुष्कळ जणींनी ते विकत घेतले.

मग गोळी बंद झाली, तशी झोपही गेली. चालणे तर रोज वाढतच होते. धाकटीचा चेहरा राखेसारखा झाला, पण ती एक शब्द बोलली नाही. मला मात्र कळत होते. पूर्वी ती माझ्या पाठीवर हात टेकायची, आता माझी पाठ आवळून धरायची. रेक्झिनवर तिच्या नखांचे वण उठले. मी खुर्ची, मला बोलता येत नाही. तिला बोलता येत होते आणि बोलायची बंदी होती. आम्ही दोघी सारख्याच झालो होतो. त्या डोंगरापुढच्या गृहस्थाने एका जित्याजागत्या बाईची खुर्ची करून टाकली होती.

एका गर्दीच्या दिवशी एक बाई माझ्यावर बसली होती. ती दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती, म्हणजे दुखऱ्या माणसांकडून व्यायाम करवून घेणारी. थोरली तिला फिजिओबाई म्हणत असे. एका बाजूचे केस कापून झाले होते, बाकड्यावर आणखी बायका खोळंबल्या होत्या. धाकटीचा हात एकदम सुटला आणि कात्रीचे टोक फिजिओबाईच्या कानाला लागले. रक्त आले. कात्री खाली पडली आणि तिच्यापाठोपाठ धाकटी खाली बसली, कापलेल्या केसांतच.

थोरली कापूस घेऊन धावली. कानाला कापूस लावला, माफी मागितली. मग ती धाकटीकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढं सगळं तुझ्यासाठी करतेय मी, पण तू मनावरच घेत नाहीस."

धाकटीने मान वर केली. "दुखतंय, जाऊबाई," ती म्हणाली. आणि मग अगदी साध्या आवाजात तिने विचारले, "आता उद्यापासून परत पहिला दिवस धरायचा का?"

शेजारच्या चावीवाल्याचे यंत्र तेवढे करकरत होते.

त्यानंतर धाकटी अंथरुणाला खिळली. थोरली एकटीने दुकान रेटू लागली. तिला कापता येत होते, पण बेताचेच. माझ्याकडे बघायला कुणाला फुरसत नव्हती. माझ्या पंपातून तेल गळू लागले, एका हाताचे रेक्झिन उसवले, त्यातून फोम डोकावू लागला. एकदा दांडा अडकला तेव्हा थोरलीने मला लाथही घातली. घालू दे. तिला लाथ कुणाला घालायची होती, ते मला कळत होते. मी फक्त जवळ होते.

एका सकाळी फिजिओबाई आली. कान बरा झाला होता, पण केस अर्धेच कापलेले होते. लांब बाजू तिने पिना लावून वर बांधली होती. ती भांडायला आली आहे, असे समजून थोरली आधीच कमरेला पदर खोचून उभी राहिली. पण बाईने धाकटी कशी आहे एवढेच विचारले, आणि निमूटपणे माझ्यावर बसून म्हणाली, की राहिलेले तुम्ही कापा. मग तिचे लक्ष कंगव्यांजवळच्या पुस्तकाकडे गेले आणि तिने ते मागून घेतले.

ती बराच वेळ वाचत होती. थोरली मागे कात्री चालवत होती आणि आरशातून तिचा चेहरा न्याहाळत होती.

"यातलं निम्मं बरोबर आहे," फिजिओबाई म्हणाली. थोरलीचा चेहरा खुलला. "म्हणूनच जास्त राग येतो," बाईने वाक्य पुरे केले.

मग तिने समजावून सांगितले. चालणे बरोबर, पण ते अंगाच्या कलाने वाढवायचे आणि वाईट दिवशी कमी करायचे. ते कमी करणे म्हणजे हार नव्हे. झोपेची वेळ पाळणे बरोबर. पण डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करा असे जिथे लिहिलेले असेल, तिथेच ते पुस्तक मिटायचे. पुस्तकाच्या शेवटी बऱ्या झालेल्यांची पत्रे छापली आहेत. बरे न झालेल्यांनी काय लिहिले, ते कुठे आहे? सांगता सांगता तिला एक पान सापडले आणि त्यावरचे वाक्य तिने मोठ्याने वाचले, "कार्यक्रम कधी फसत नाही, माणूस फसतो."

"कुठलंही मार्गदर्शन हातात घेतलं की हे पान आधी शोधायचं," ती म्हणाली. "नाही जमलं तर काय, ते कुठे लिहिलंय ते बघायचं. फायदा झाला तर पुस्तकामुळे, नाही झाला तर तुमच्यामुळे. असं पुस्तक चुकूच शकत नाही. आणि जे चुकूच शकत नाही, ते तपासायचं तरी कसं?"

थोरलीने कात्री खाली ठेवली. मला वाटले, आता ती मान खाली घालेल. ती भडकली.

"तुम्ही दवाखान्यात बसता," ती म्हणाली. "तुमच्याकडे नंबर लागायला अर्धं वर्ष जातं, आणि लागला की हातात एक कागद मिळतो. हे पुस्तक कोपऱ्यावर मिळालं, मागितलं त्या दिवशी मिळालं. ती रात्र रात्र कण्हायची तेव्हा तुमच्यातलं कोण आलं होतं?"

फिजिओबाईने हातातले पुस्तक मिटले. "कुणी नाही," ती म्हणाली. "खरं आहे ते."

मित्रांनो, मी त्या दोघींच्या मध्ये होते, आणि दोघींचाही राग मला पटला. उपाशी माणसाच्या पुढ्यात शिळे कोणी ठेवले, हे विचारायला हवेच. पण ताजे घेऊन कुणी का आले नाही, हेही विचारायला नको का?

दुसऱ्या दिवशी थोरलीने त्या मार्गदर्शकाच्या कार्यालयात फोन लावला. हातांना रंग लागला होता म्हणून फोन आरशासमोर आडवा ठेवून ती बोलत होती, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकले. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. थोरलीने झालेले सगळे सांगितले. मुलीने विचारले, त्यांनी तो शब्द उच्चारला होता का? मग ती म्हणाली, की पुढच्या महिन्यात खास शिबिर आहे, त्यांना तिकडे पाठवा. शेवटी समजूत काढण्याच्या सुरात तिने सांगितले, "आमच्याकडे कुणी नापास होत नाही ताई. काही जणांची इच्छाशक्ती कमी पडते, इतकंच."

"ती पडली तेव्हा तिच्या हातात कात्री होती," थोरली म्हणाली. "इच्छा कमी असती तर ती घरी झोपली असती." तिने फोन बंद केला. त्यावर रंगाचा डाग पडला, तो कधी निघाला नाही.

त्या संध्याकाळी घरी काय झाले, ते मला नंतर धाकटीच्या बोलण्यातून समजले. थोरलीने माफी वगैरे मागितली नाही. घरच्या माणसासमोर तो शब्द तिच्या तोंडून निघत नाही. ती धाकटीच्या उशाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "सांग बघू, कुठे कुठे दुखतं." धाकटी सांगू लागली. टाचेपासून डोक्यापर्यंत सांगायला पुष्कळ वेळ लागला. थोरली मध्ये बोलली नाही. तिला ओळखणाऱ्यांना यातले नवल कळेल.

दुकानात मात्र तिने तोंड उघडले. जिला जिला पुस्तकाची शिफारस केली होती ती समोर आली, की केस धुता धुता ती सांगायची, त्यातलं चालणं ठेवा, झोपेचं ठेवा, पण स्वतःच्या मनाने गोळी सोडू नका, आणि नाही जमलं तर ती तुमची चूक नाही. बोललेला शब्द परत घेणे फार अवघड काम आहे, आणि तेसुद्धा गिऱ्हाइकांसमोर. काही जणी हसल्या. एक बाई चांगलीच तापली. तिला त्या पुस्तकाने खरोखर गुण आला होता. थोरली तिलाही म्हणाली, "तुम्हाला लागू पडलं, चांगलंच झालं. फक्त ज्याला लागू पडत नाही त्याला नापास करू नका." ती बाई पुन्हा आली नाही.

गोळी डॉक्टरांना विचारून परत सुरू झाली. धाकटी हळूहळू उठू-बसू लागली. मग एका सुट्टीच्या दिवशी, दार अर्धे ओढून, तिघी दुकानात जमल्या. फिजिओबाईने दवाखान्यात रुग्णांना देतात ती पुस्तिका आणली होती. तिची नवी आवृत्ती निघायची होती. तुम्ही वाचा आणि तोंडावर काय ते बोला, असे तिचे म्हणणे होते. बाकडे टणक म्हणून धाकटीला माझ्यावर बसवले होते. इतक्या वर्षांत ती प्रथमच माझ्यावर बसली. किती हलकी होती ती!

ती मोठ्याने वाचू लागली. घरकामाला मदतनीस ठेवा. दुपारी विश्रांती घ्या. टबात गरम पाण्यात निवांत पडून राहा. आवडीचा छंद जोपासा. शेजारी चित्र होते, बागेत बसून हसणाऱ्या बाईचे. धाकटीला हसू आवरेना. त्यांच्या घरी बादली होती, तीही गळकी.

"ज्याच्याकडे हे सगळं आहे, त्याचं दुखायलाच नको होतं," ती म्हणाली.

मग तिचे हसू गेले आणि त्याच्याखाली दबलेला राग वर आला. मी तिला तसे कधी पाहिले नव्हते. पुस्तकाने मला आळशी ठरवलं आणि या कागदाने मला श्रीमंत ठरवलं, असे ती म्हणाली. कुणीच मला बघितलं नाही. फिजिओबाईने विचारले, की मग काय लिहिलेलं असतं तर तुम्हाला उपयोग झाला असता?

"पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा," धाकटी म्हणाली. "तू खोटं बोलत नाहीस. बाकीचं नंतर. हे नसेल तर पुढचं वाचायची ताकदच राहत नाही."

पुस्तिकेत एक सल्ला असा होता, की थकण्याआधी थांबा. त्याचीही दोघी जावांनी टर उडवली. आम्ही थकल्यावर थांबत नाही, थकण्याआधी कुठले थांबणार! पण इथे फिजिओबाई हटली नाही. तुम्हाला राग आला म्हणून ते खोटं ठरत नाही, असे तिने स्पष्ट सांगितले. महिनाभर करून बघा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही; नाहीच उपयोग झाला तर मला येऊन सांगा, मी तुम्हाला दोष देणार नाही. त्यांनी करून बघितले. दोन जणींचे केस कापून झाले, की अंग ठीक असले तरी धाकटी आडवी होऊ लागली. जो सल्ला तिने हसण्यावारी नेला होता, तोच तिच्या सगळ्यात उपयोगी पडला. सल्ला गोड लागतो की कडू, यावरून तो पारखता येत नाही. तो पाळून बघावा लागतो, आणि पाळताना माणूस मोडतो आहे का, ते बघत राहावे लागते.

आता राहिले उभे राहणे. तिच्यासाठी चाकांचे एक स्टूल आणले. पण स्टुलावर बसले, की माझ्यावर बसलेल्या बाईचे डोके तिच्या हातांच्या फार वर येई. मी पूर्ण खाली आले तरी हात खांद्याच्या वर उचलावेच लागत. थोरली नव्या खुर्च्या बघून आली. सगळ्या माझ्याच उंचीच्या, काही तर आणखी उंच. कारण उघड आहे. त्यांनाही बनवताना फक्त बसणाऱ्याचेच माप घेतले होते.

शेवटी थोरलीने वेल्डिंगवाल्याला बोलावून आणले. त्याने मला आडवे पाडले, माझ्या पोटातला पंप काढला आणि खांबाचा खालचा अर्धा भाग कापून टाकला. ठिणग्या उडाल्या. मग वरचा भाग खालच्या बैठकीवर ठेवून त्याने जोड दिला. आता मला वर जाता येत नाही. बसणारीचे गुडघे थोडे वर येतात आणि काही जणी कुरकुरतात. पण धाकटीचे हात कोपरात दुमडलेले राहतात, आणि कात्री चालते.

दुखले का? दुखले. पण खरा संताप मला त्या वेळी आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. इतका काळ सगळे जण त्या बाईला वाकवत होते, ताणत होते, तिचा आहार छाटत होते, तिचा शब्द कापत होते. दुकानातले लोखंडही कापता येते, हे कुणालाही सुचले नव्हते. पहिल्या दिवशीच हे करता आले असते. थरथरणारा हात तिने पहिल्यांदा खाली घेतला, त्याच दिवशी.

धाकटी बरी झालेली नाही. ही गोष्ट तसल्या आत्यांची नाही. काही दिवस बरे जातात, काही जात नाहीत. ती पूर्वीपेक्षा कमी केस कापते. थोरली तिच्याकडून कापायला शिकते आहे आणि रोज बोलणी खाते आहे. दवाखान्याची नवी पुस्तिका निघाली. मदतनीस आणि टब गेले, ते फिजिओबाईने भांडून काढायला लावले. पहिल्या पानावर धाकटीचे वाक्यही आले, पण वरच्या साहेबांच्या हाताखालून जाता जाता त्याचे असे झाले होते: तुमच्या वेदना खऱ्या असू शकतात.

असू शकतात!

फिजिओबाई ती पुस्तिका देताना खाली बघत होती. धाकटीने पेन मागितले, 'असू शकतात' खोडले आणि वर 'आहेत' लिहिले. दुकानात गठ्ठा ठेवला आहे, त्यातली प्रत्येक प्रत ती अशी दुरुस्त करूनच देते. डोंगरापुढच्या गृहस्थाच्या पुस्तकाचीही नवी आवृत्ती आली आहे असे ऐकते. त्याला दुरुस्त करायला कुणी गेलेले नाही.

मित्रांनो, कधीतरी तुमच्या घरात किंवा वर्गात कुणीतरी म्हणेल, की दुखतंय. तेव्हा तुमची आत्या जरा बाजूला ठेवा. आधी ते ऐकून घ्या. मग त्या माणसाला विचारा, काय हलवू? टेबल, पलंग, कामाची वेळ, खिडकी, जे हलण्यासारखे असेल ते हलवा. माणूस सगळ्यात शेवटी. आणि जर कुणी तुमच्या हातात एखादे पुस्तक ठेवले, तर त्यातले शहाणपण जरूर घ्या. पण तुम्ही हरलात तर ते तुम्हाला काय म्हणणार आहे, ते आधी वाचा.

आज धाकटी आलेली नाही. सकाळी थोरलीने एकटीने दार उघडले, माझ्यावरची धूळ झटकली आणि बाकड्यावरच्या बायकांना सांगितले, की आज एकच हात आहे, वेळ लागेल. दारातली बाई नवीन होती. तिने विचारले, दुसऱ्या बाईंना काय झालं?

"दुखतंय तिला," थोरली म्हणाली.

त्या बाईने काहीतरी बोलायला तोंड उघडले. मी माझ्या कापलेल्या खांबापर्यंत ताठरले.

"बरं," ती म्हणाली आणि बाकड्यावर सरकून बसली. "मी थांबते."